बुधराम नेटवर मेला

अड्याळच्या बसस्टँडसमोर लिलाधरचं ऑनलाइन सेंटर. सातबारा, आधार, बारावीचा निकाल, सगळं तिथंच निघे. पण गावात त्याले सेंटरवाला म्हणून कमी अन् इदरकल्याणी, म्हणजे खोड्याळ, म्हणून जास्त वळखत. पन्नाशी गाठली तरी खोड गेली नव्हती. सरपंचाच्या बायकोले लॉटरी लागल्याचं छापील पत्र त्यानंच पाठवलं, अन् बाई पेढे वाटाले निघाली तवा पहिला पेढाही त्यानंच खाल्ला.

त्याची सगळ्यात आवडती गंमत मात्र जुनी होती. पानठेल्यावर नवीन माणूस दिसला का तो ती सांगे. ढिवरपुऱ्यातल्या मासोळ्या धरणाऱ्या बुधरामचा पोट्टा इश्वर तवा सातवीत होता. लिलाधरनं त्याले शाळेच्या फाटकावर गाठलं अन् तोंड पाडून सांगितलं का बाबू, तुया बाप डोंग्यासकट तलावात गेला. पोट्टं दप्तर फेकून जे धावलं ते तलावाच्या पारीवरच थांबलं. तेही ठेच लागली म्हणून. तोंडावर पडलं अन् पुढचा दात अर्धा तुटला. बाप तिकडं झाडाखाली बसून मजेत भात खाऊन राहिला होता. इथवर आलं का लिलाधर आपलाच दात बोटानं झाकून दाखवे अन् सगळा ठेला हसे. बुधराम तिथं बसला असला त तोही हसे.

इश्वर मोठा झाला. त्यानं दुसऱ्या जातीची पोरगी केली. तवा बुधराम हसला नाही. भर बसस्टँडवर, शंभर लोकायपुढं त्यानं पोराले सांगितलं, "मी मेलो समज. डोकं भादरून टाक." इश्वर गाडीत चढला अन् बायकोले घेऊन हैदराबादले गेला. त्याले नऊ वर्सं झाली. फोन नाही, चिठ्ठी नाही. इश्वरची माय आधीच गेली होती, त बुधरामच्या घरी राहिले तीन जण: एक डोंगा, एक जाळं अन् तो.

डाकघरातला धम्मदीप हा लिलाधरचा वर्गमित्र, पण दोघायचं तोंड दोन दिशेले. हा माणूस टपाल वाटाले निघाला का गळ्यात कॅमेरा. धानाच्या बांधीतले बगळे, बोडीतली कमळं, पवनीचा जुना दरवाजा, दिसन ते काढे अन् नेटवरच्या ज्ञानकोशात फुकट टाके. तिथला कायदा त्यानं लिलाधरले समजावून सांगितला होता: फोटो कोणीही घ्यावा, कोठीही लावावा, फक्त काढणाऱ्याचं नाव लिहावं. अन् फोटोखालचा मजकूर कोणालेही सुधारता येते.

"म्हणजे तुया फोटो कोणी उकिरड्यावर लावला तरी चालन?" लिलाधरनं विचारलं होतं.

"नाव लिहिलं त चालन," धम्मदीप म्हणाला होता. त्याले मस्करी कधी समजतच नसे.

त्या हिवाळ्यात त्याचा एक फोटो ज्ञानकोशाच्या पहिल्या पानावर लागला. सकाळचं धुकं, डोंग्यात उभा बुधराम, अन् त्यानं फेकलेलं जाळं हवेत पुरं उघडलेलं. जाळ्याच्या मांगून त्याचं हसरं तोंड. खाली नाव: बुधराम मारबते, मच्छीमार, भंडारा जिल्हा. एक दिवस जगानं तो फोटो पाह्यला. शाळेत सत्कार झाला. धम्मदीपले नारळ भेटला, बुधरामले शाल. लिलाधरनं सत्काराचा बॅनर छापून देल्ला अन् त्याले काहीच भेटलं नाही. ते त्याले लागलं.

दुसऱ्या दिवशीपासून बुधराम रोज शाल पांघरून सेंटरवर येऊन बसे. लिलाधरनं फोटो उघडून दाखवावा अन् त्यानं एकच विचारावं का हैदराबादेत हे दिसत असन का. लिलाधर म्हणे, हैदराबादेत का, अमेरिकेतही दिसते. "मंग इश्वरनं पाह्यला असन," असं म्हणून बुढा रस्त्याकडं पाहे. एक रोज झाला, दोन झाले, पंधरा झाले. गिऱ्हाइकं उभी अन् बुधराम खुर्चीवर.

शेवटी लिलाधर म्हणाला, "बुधराममामा, फोटो पाहून पोरं येत नाही. मयतीले येतेत."

बोलून गेला अन् त्याचं त्यालेच आवडलं. बुधराम घरी गेल्यावर त्यानं एका माणसाचा पीकविम्याचा फॉर्म अर्धा सोडला अन् त्या फोटोखाली टाइप केलं: यांचं अल्पशा आजारानं दुःखद निधन झालं. हे वाक्य श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी त्याच्या बोटायले पाठ होतं. तारीख मात्र त्यानं इचार करून टाकली, दोन महिन्यांमागची. आजची टाकली असती त कोणी फोन लावून पाह्यला असता, गंमत तिथंच संपली असती. जुन्या मयतीची चौकशी कोणी करत नाही.

संध्याकाळी पानठेल्यावर त्यानं मोबाइल उघडून सगळ्यायपुढं बुधरामले वाचून दाखवलं. आता बुढा आपल्या मायबहिणीचा उद्धार करन, याचीच लिलाधर वाट पाहून राहिला होता. बुधरामनं दोनदा वाचाले लावलं. मंग म्हणाला, "हे इश्वर वाचन?"

"वाचन ना."

"मंग येईन."

दुसऱ्या दिवशी बुधराम दाढी करून, धुतलेला सदरा घालून, वरून शाल घेऊन बसस्टँडच्या बाकावर. नागपूरची गाडी आली का उठून उभा राहे, शेवटचा माणूस उतरला का खाली बसे. सेंटरच्या खिडकीतून लिलाधरले सगळं दिसे. पहिले चार रोज त्यानं पोटभर मजा घेतली. गाडीतल्या लोकायले ओरडून सांगे का सांभाळून उतरा, हा माणूस मेलेला आहे. ड्रायव्हरलोकंही गाडी थांबवून बुधरामच्या पाया पडत अन् इचारत का वर धानाले भाव काय चालू आहे. बुधराम सगळ्यायले हसून "बरा हाये" म्हणे अन् पुढच्या गाडीकडं पाहे.

पाचव्या रोजी धम्मदीपले कळलं. तो लिलाधरले मारालेच आला. माया फोटोखाली खोटं चालणार नाही म्हणे, आत्ताच पुसतो. त्याचा हात बुधरामनंच धरला. "राहू दे गा, बाबू. आठ रोज राहू दे. पोरगा रस्त्यात असन त?"

इश्वर आला नाही. बाराव्या रोजी धम्मदीपले ज्ञानकोशातूनच एक निरोप आला. तो मोबाइल घेऊन सेंटरवर आला, बुधरामले बाकावरून बोलावून आणलं अन् खुर्चीत बसवलं. निरोप इश्वरचा होता. त्यानं लिहिलं होतं का हैदराबादच्या एका मित्रानं आडनाव पाहून फोटो पाठवला, तवा खालचं वाचून बाबा गेल्याचं समजलं. दोन महिने होऊन गेले होते, मंग येऊन काय करणार, म्हणून तेरवी इथंच केली. "बाबांचा एकही फोटो माझ्याजवळ नव्हता. तुमच्यामुळं भेटला. तुमचं नाव टाकलं आहे."

सोबत तेरवीच्या दिवशी पेपरात देल्लेल्या श्रद्धांजलीचं कात्रण होतं. त्यात बुधरामचं तोंड. जाळं, डोंगा, तलाव सगळं कापून टाकलेलं. तोंडाखाली बारीक अक्षरात खरंच लिहिलं होतं: छायाचित्र, धम्मदीप. दुसऱ्या फोटोत भिंतीवर तेच तोंड फ्रेममध्ये, त्याले गेंदाफुलायचा हार. खाली हात जोडून उभा इश्वर, डोकं गुळगुळीत भादरलेलं. बाजूले सून. दोघायच्या मधात सहा वर्सायचा एक पोरगा, त्याचंही डोकं भादरलेलं.

"हा कोण?" बुधरामनं विचारलं.

"नातू, मामा," धम्मदीप म्हणाला.

बुधरामनं बोटानं फोटो मोठा केला. लिलाधरनंच शिकवलं होतं त्याले ते. "कान मायासारखेच हायेत," तो म्हणाला.

लिलाधरले पहिल्यांदाच असं झालं का गंमत झाली अन् हसाले कोणी नाही. कात्रणात खाली इश्वरचा नंबर होता. त्यानं घाईघाईनं तो लावला अन् स्पीकर सुरू केला.

"इश्वर, तुया बाप जिता हाये रे. मायाजवळ बसून हाये."

तिकडं मिक्सरचा आवाज येत होता, कोठीतरी काँक्रीट कालवून राहिले होते. मंग इश्वर म्हणाला, "लिलाधरकाका ना?"

"हो, मीच. तुयी शपथ..."

"माया दात अजून तुटलेलाच हाये, काका."

लिलाधरनं फोन बुधरामच्या तोंडापुढं नेला. मामा, बोला, एक शब्द बोला, असं तो हातानंच विनवून राहिला. बुधरामनं दोनी हात आपल्या तोंडावर दाबून धरले. डोळे मोबाइलवर, हात तोंडावर. फोन कटला. परत लावला त लागला नाही. धम्मदीपच्या मोबाइलवरूनही लावला, तो कोणी उचललाच नाही.

"काहून नाही बोलले?" धम्मदीप रडायलेच आला होता.

बुधरामनं तोंडावरचे हात काढले अन् शाल नीट केली. "जिता होतो त पोरगा नऊ वर्सं आला नाही. मेलो त डोकं भादरलं, हार घातला, पोराले हात जोडाले लावले. आता जिता झालो त त्याचे केस फुकट गेले ना बाबू. अन् नातवाचेही." मंग त्यानं धम्मदीपले आपल्या डोक्यावर हात ठेवाले लावला अन् त्याच्याकडून शपथ घेतली का फोटोखालचं पुसायचं नाही, पोराले काही लिहायचं नाही.

तसंही आता पुसणं सोपं राहिलं नव्हतं. कोण्या दूरच्या माणसानं त्या ओळीले इश्वरच्या कात्रणाचा पुरावाही जोडून देल्ला होता. लिलाधरची थाप आता छापून आली होती.

बुधराम बाकावर बसाचा बंद झाला. पण दर बाजाराच्या दिवशी मासोळ्या विकून झाल्या का टोपली घेऊन सेंटरच्या पायरीवर येई. "पाय बरं, लिलाधर. मेलो हाओ ना अजून?"

लिलाधर गिऱ्हाइक सोडून पान उघडे अन् सगळं वाचून दाखवे. अल्पशा आजारानं, दुःखद, निधन. एकही शब्द गाळलेला बुधरामले चालत नसे. वाचून झालं का तो मान हलवे अन् टोपलीतली एक मरळ पायरीवर ठेवून जाये. पहिल्या वेळी लिलाधरनं ती घरी नेली. मंग मंग तो ती कुत्र्यायले टाकू लागला.

आखाडात एका बाजाराले बुधराम आला नाही. दुपारपर्यंत वाट पाहून लिलाधर स्वतः ढिवरपुऱ्यात गेला. दार उघडं होतं. बुढा खाटेवर निजला होता, पायाजवळ ओलं जाळं अन् अंगावर माशा. हात लावला त थंड.

तो धावत पानठेल्यावर आला. "बुधराममामा गेले रे."

ठेला हसला. एक जण म्हणाला, त्याले त सहा-सात महिने झाले, आता नवीन सांग. दुसऱ्यानं विचारलं, या वेळी तारीख कोणती टाकली. लिलाधर रडाले लागला त ते अखीनच हसले, का आता रडाचंही शिकला. शेवटी धम्मदीप जाऊन पाहून आला, तवा ठेला उठला.

शपथ मेलेल्या माणसाले लागत नाही, असं म्हणून धम्मदीपनं इश्वरले सगळं लिहिलं. खाटेवरचा फोटोही पाठवला. दोन तास बुधरामले अंगणात ठेवून लोकं पावसाकडं पाहत उभे होते. मंग उत्तर आलं.

"काकानं आता तुमचं खातंही उघडलं का? फोटो चांगला जमवला. त्यायले सांगा, एका बापासाठी दोनदा कोणी भादरत नाही."

धम्मदीपनं ते मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर सगळे लिलाधरकडं पाहाले लागले. पोराच्या जागी डोकं भादराले कोणीतरी पाहिजे होतं. तो आपणच अंगणातल्या दगडावर जाऊन बसला अन् जागेश्वर न्हाव्याले हाक मारली.

जागेश्वरनं वस्तरा काढला अन् तसाच थांबला. "लिलाधरभाऊ, खरं सांगा. आज कोणाची गंमत हाये?"

लिलाधरनं गडव्यातलं पाणी आपल्याच हातानं डोक्यावर ओतून घेतलं अन् मान खाली घातली. पहिली बट खाली पडली तवा ठेल्यावरच्या सगळ्यायनं मोबाइल काढले. फोटोखाली काय लिहायचं, ते त्यायचं आधीच ठरलं होतं: लिलाधरची नवी गंमत.