ज्या दिवशी रागावायला बंदी असते

मी स्वतःला फार धोरणी समजते. नवऱ्याला हे सांगितलं की तो हसतो, आणि मी खोलीतून निघून गेले तरी त्याचं हसणं चालूच असतं.

तर त्या नाताळात मी धोरणीपणाने ठरवलं की जे सांगायचं ते तामाल्यांच्या दिवशी सांगायचं. आमच्याकडे टेक्सासच्या या टोकाला नाताळच्या आधी घरातल्या सगळ्या बायका एका स्वयंपाकघरात जमून कणसाच्या पानांवर मक्याचं पीठ थापतात, आत लाल तिखटातलं डुकराचं मटण भरतात आणि भांडंभर तामाले उकडायला ठेवतात. त्या दिवशी स्वयंपाकघरात कुणी रागवायचं नसतं. एकीच्या जरी पोटात राग असला तरी तामाले कच्चे राहतात. पाण्याला आधण आलेलं असो नसो, राग असला की संपलं. यावर माझा विश्वास आहे का? अर्थात आहे. मी शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वेडी नाही.

बातमी अशी होती की जानेवारीपासून माझ्या पदवीचा शेवटचा टप्पा सुरू होणार होता. मेपर्यंत रोज दिवसभर एका प्राथमिक शाळेत शिकवायचं, मग मी रीतसर मास्तरीण. ही जागा सोडली तर पुन्हा रांगेच्या शेवटी. आणि अडचण खुर्चीत बसलेली होती. माझ्या सासूबाई, दोन्या मिन्गा, वसंतात अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून मी शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून त्यांच्याजवळ होते. रात्री नवरा टायरच्या दुकानातून आला की मी कॉलेजला पळायची. काही वर्षांपूर्वी, कॉलेजच्या पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं एकदम गप्प झाली, त्यांना वाटलं प्राध्यापिका आली. मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि पेन्सिल मागितली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी या सगळ्याला कधी नाव दिलं नाही. त्या फक्त म्हणायच्या, "आज तुझं ते आहे का?"

म्हणजे दिवसा त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. माझ्या दोन नणंदा, नेल्दा आणि ओरालिया, याच गावात राहतात. एरवी विचारलं असतं तर भांडण झालं असतं. तामाल्यांच्या दिवशी भांडता येत नाही. बघा, किती साधं.

"जानेवारीपासून मला रोज शाळेत जायचंय," मी पीठ थापता थापता सहज म्हटलं, मीठ जरा जास्त झालंय म्हणावं तसं. "मेपर्यंतच. तेवढे दिवस आईंजवळ कुणी थांबलं तर बरं होईल."

"अगंबाई, वहिनी मास्तरीण होणार," नेल्दा म्हणाली. "किती छान."

"आणि या वयात," ओरालिया म्हणाली. "मला तर आता वाचताना झोपच येते."

"मी आलेच असते गं. पण मंगळवार-गुरुवार आमचं प्रार्थनामंडळ असतं," नेल्दा म्हणाली.

"माझा कुत्रा एकटा राहिला की सोफा खातो. आधीचा खाल्ला. हा नवा आहे," ओरालिया म्हणाली.

"पुढच्या वर्षी कर की वहिनी," नेल्दाने मायेने सुचवलं. "शाळा काय पळून जातेय?"

ते खरं आहे. शाळा कधी पळाली नाही. पळायचो आम्ही. वार्षिक परीक्षेच्या आधीच बाबा आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबून उत्तरेला बीटच्या शेतांवर न्यायचे, आणि परत यायचो तेव्हा नवा वर्ग निम्मा उरकलेला असायचा. प्रत्येक पुस्तकाचा मधला भाग मला उत्तम येतो. सुरुवात आणि शेवट विचारू नका. सोळाव्या वर्षी मी मधला भागही सोडला.

"हो ना, बघू," मी म्हटलं आणि गोड हसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या योजनेत एक बारीकसं भोक होतं. त्या दिवशी त्यांना रागावता येत नव्हतं, हे बरोबर. पण मलाही येत नव्हतं. मी हसत पीठ थापत राहिले. ओरालियाने नव्या सोफ्याचा रंग सांगितला, मी रंगाची स्तुती केली. तामाले भांड्यात उभे रचून आम्ही वर ओलं फडकं घातलं, झाकण ठेवलं. सासूबाई नेहमीच्या जागी, शेगडीला खेटून खुर्चीत. बाहेर पुरुषमंडळी मांस भाजत होती आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवत होती.

दुपार उलटली तरी घरभर वास सुटला नाही. शेवटी नेल्दाने झाकण उचललं, एक तामाला सोडला. पीठ बोटाला चिकटलं.

"कच्चे," ती म्हणाली.

सासूबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "कोण रागावलंय?"

"मी नाही अमा," नेल्दा म्हणाली.

"मी कशाला रागावू? मी तर सकाळीच केस सेट करून आलेय," ओरालिया म्हणाली.

"आणि तेन्चा, तू?" सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"मी? छे," मी म्हटलं आणि पुन्हा हसले.

"माझ्याकडे बघून सांग."

मी बघितलं. तिथेच घोटाळा झाला.

"हो, मी रागावलेय," मी म्हटलं, आणि एवढ्यावर थांबायचं ठरवलं होतं. "आईंचं हाड मोडलं तेव्हा तुम्ही दोघी फुलं घेऊन आलात. फुलं. ती पाण्यात ठेवायला फुलदाणीसुद्धा मीच शोधली. त्यांना रात्री उठवते मी, अंघोळ घालते मी, आणि मला काही त्याचं वाईट वाटत नाही, त्या माझ्याच आहेत. पण पाच महिने मागितले तर मला तुम्ही सोफा सांगता? मी पुढच्या वर्षी करणार नाही. मला आत्ता करायचंय. मला पोरांनी 'बाई' म्हणायला हवंय, आणि ते ऐकायला मी तिथे हवीय."

हे बोलताना मी हात हवेत फेकत होते आणि हातांना कोपरापर्यंत पीठ होतं. त्यातलं बरंचसं ओरालियाच्या नव्या केसांवर गेलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण, आणि श्रोत्यांना पुसायला फडकं द्यावं लागलं. मला रडूही येत होतं, त्यामुळे मी दोघींपैकी नेमकी कुणाची माफी मागितली ते आठवत नाही.

सासूबाई लेकींकडे वळल्या. "नेल्दा, मंगळवार-गुरुवार तुझी प्रार्थना. म्हणजे बाकीचे तीन दिवस तू मोकळी. ओरालिया, उरलेले दोन दिवस तू ये. कुत्र्याला घेऊन ये, या घरातला सोफा आधीच फाटलाय."

"पण अमा, मी काय म्हणते—"

"तामाले कच्चे आहेत, नेल्दा. तोंड नीट कर."

नेल्दाने तोंड नीट केलं. दुसरं करणार काय, भांडं भरलेलं होतं आणि बाहेर सगळं गोत उपाशी. ओरालिया केस धुवायला गेली, नेल्दा तिच्या पाठोपाठ, तिला मदत करायला आणि अर्थातच माझ्याबद्दल बोलायला.

मी नाक पुसून भांड्याकडे गेले. पाणी कमी झालं असेल म्हणून वाकले, तर भांड्याखाली ज्योत जेमतेम काडीच्या टोकाएवढी. शेगडीचं बटण पार खाली फिरवलेलं. मी स्वतः ते मोठं करून ठेवलं होतं. आणि दुपारभर तिथे हात पोचेल अशा अंतरावर एकच माणूस बसलेलं होतं.

"आई, गॅस बारीक आहे."

"असेल."

"तुम्ही केलात?"

"शाल लागली असेल." त्यांनी शाल गुडघ्यांवर नीट केली. मग म्हणाल्या, "तू हसत होतीस. तू रागावलीस की हसतेस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय, मला आता त्या हसण्याची भीती वाटते. मोठा कर तो गॅस."

मी बटण फिरवलं. आणि हसले.

"हेच," सासूबाई काठी माझ्याकडे रोखत म्हणाल्या. "वर्गात हे करू नकोस. पोरं डोक्यावर बसतील."