यंत्राचं नाव लिहायचं नाही

नोरीन गेल्याला सात महिने झाले होते, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्लाच्या बंदर कचेरीत तिचा नियम मोडायची बैठक ठरली. साल एकोणनव्वद.

भरती-ओहोटीचा अंदाज काढणारा आमचा प्रोग्राम तिने लिहिलेला. तो केम्ब्ला, न्यूकॅसल आणि होबार्ट अशा तीन बंदरांत चालायचा. तिन्हीकडच्या संगणकांवर युनिक्स ही एकच प्रणाली, पण तीन कंपन्यांची, आणि प्रत्येकाची खोड वेगळी. प्रोग्राम एकच राहावा म्हणून तिने नावांचा नियम घातला होता. यंत्रायंत्रांत जिथे फरक पडतो तिथे कंपनीचं नाव लिहायचं नाही, फरक काय आहे ते लिहायचं. 'अमक्या कंपनीचं यंत्र' नाही, 'घड्याळ सेकंदाहून बारीक मोजत नाही'. शिवाय दुसऱ्या कुणाच्या नावाशी टक्कर नको म्हणून प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामातल्या प्रत्येक तुकड्याच्या, नावाआधी तिच्या नावातलं 'नोर'.

मी तिचा नवरा. अकरा वर्षं तिच्या हाताखाली हाच प्रोग्राम सांभाळला. नियम बदलायला तिन्ही बंदरांच्या सह्या लागत, आणि केम्ब्लाची सही माझी होती.

सिडनीहून आलेला साहेब लॉकलन पॅस्को म्हणाला की आता कंपन्यांच्या नावाने तीन भाग करू, म्हणजे ज्याचं त्याला सापडेल. न्यूकॅसलच्या ॲथलने लगेच सही केली. होबार्टची ब्रॉनविन बोटांना लागलेला लॅमिंग्टन केकचा खोबऱ्याचा कीस पुसत माझ्याकडे बघत राहिली. मी सही करणार नाही म्हणालो.

"मर्व्ह, तू प्रोग्राम नाही, बायकोचं थडगं राखतोयस," ॲथल म्हणाला.

ते लागलं, कारण थोडं खरं होतं. पडद्यावर ते 'नोर' बघायला मी रोज सकाळी लवकर यायचो.

मी त्याला विचारलं, गेल्या हिवाळ्यात तुझ्याकडे त्याच कंपनीची नवी आवृत्ती आली आणि घड्याळ बारीक मोजायला लागलं, तेव्हा किती बदललंस? एक ओळ, तो म्हणाला. आणि सगळीकडे कंपनीचं नाव असतं तर? ॲथल तोंडाळ आहे, पण खोटारडा नाही. कुठलं नाव घड्याळासाठी आणि कुठलं दुसऱ्या खोडीसाठी ते शोधत सगळं चाळत बसलो असतो, म्हणाला.

पॅस्कोने विषय बदलला. पुढच्या वर्षी प्रोग्राम न्यूझीलंडला जायचाय, तिथले विचारतील ही नोर कोण. ते तरी काढायलाच हवं.

सगळे माझी नजर टाळत होते. मी उठलो, फळ्यावरच्या यादीतलं पहिलं 'नोर' पुसलं आणि तिथे 'भरती' लिहिलं.

"तिचं नाव चारशे ठिकाणी आहे. मीच काढतो," मी पॅस्कोला म्हणालो. "पण कंपनीचं नाव न लिहायच्या नियमाला हात लावलास तर माझी सही नाही. मला घरी बसवलंस तरी नाही."

ब्रॉनविनने कागद कोराच पॅस्कोकडे सरकवला. "मग माझीही नाही," ती म्हणाली.

पॅस्कोने कागदाची घडी केली आणि नावं काढायला किती दिवस लागतील ते विचारलं. शुक्रवारपर्यंत म्हणालो, बुधवारीच झालं. मध्ये दोनदा उठून चहा करावा लागला, हात चालेना म्हणून.

गुरुवारी त्याचा फोन आला. निदान एका फाइलला तरी कंपनीचं नाव दे, वरच्यांना बरं वाटेल, म्हणाला. मी नाही म्हणालो. विचार कर, म्हणाला.

"केलाय," मी म्हणालो. "न्यूझीलंडचा पत्ता सांग, प्रोग्रामची टेप पाठवायचीय."