बिभीषणच्या होडीतला सबवूफर

"काका, सबवूफर बारा इंचीच द्या. पलीकडच्या होडीत धा इंची हाय," बिभीषण म्हणाला.

कुंडलिकनं त्याच्या ओठांकडे नीट बघून घेतलं. "तुजी होडी फायबरची. बारा इंची लावलास तर गाण्यापेक्षा होडीच जास्त वाजंल. आठ इंची घे, बंद पेटीतला. पान्याला बी टिकतंय."

सोलापुरात तीस वर्षं त्यानं जीपा, ट्रॅक्टर, मिरवणुकीच्या गाड्या दणाणून सोडल्या होत्या. कुंडलिकनं बसवलेला बेस छातीत वाजतो, असं लोक म्हणत आणि गडी फुशारून जाई. कानात बोळे घालत जा, असं त्याची बायको कस्तुराबाई जिवंत होती तोवर कानीकपाळी ओरडली. त्यानं ते हसण्यावारी नेलं. आता बारीक आवाज गेले होते, नुसते ढोबळ उरले होते. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण फिरकणार?

चार दिवसांपूर्वी पुण्याहून लेकीनं, सुकन्यानं, फोनवर नातीचा आवाज पाठवला होता. आरोही पहिल्यांदाच काहीतरी बोलली होती. कुंडलिकनं फोन कानाला दाबून दाबून कान लाल केला, पण शब्द काही हाती लागला नाही. 'लई ग्वाड', एवढंच त्यानं लेकीला कळवलं.

बिभीषण येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उजनी धरणाच्या काठावर, होडीच्या पुढच्या बाकाखाली त्यानं पेटी बसवली. खाली रबर, गंजणार नाहीत असे स्क्रू, वायर पाण्यापासून हातभर वर. बिभीषणनं गाणं लावलं. कुंडलिकनं पेटीवर तळवा टेकवला आणि बेस थोडा उतरवला. हल्ली तो हातानंच ऐकत असे.

"एक नंबर, काका."

"माज्या फोनवरचं बी लावून बघ की," कुंडलिक सहज बोलल्यासारखं बोलला.

एवढ्या मोठ्या सिस्टिमवर तरी ऐकू येईल, अशी त्याला वेडी आशा होती. त्यानं पुन्हा तळवा टेकवला. पेटी गप्प होती. लेकराचा बारीक आवाज या बेसच्या पेटीत येतच नाही, तो वरच्या छोट्या स्पीकरमधून येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यानं हात काढला नाही. बायकोचं ऐकलं असतं तर, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं.

वरच्या स्पीकरकडे बघत बिभीषण हसत होता. "नात व्हय?"

"व्हय. काय म्हनतीया?"

बिभीषणनं त्याच्याकडे बघितलं, मग पेटीवरच्या त्या हाताकडे. तो उठून कुंडलिकच्या समोर येऊन बसला आणि सावकाश म्हणाला, "आज्जा म्हनतीया, काका. दोनदा म्हनली."

"परत लाव."

बिभीषणनं परत लावलं. आरोही बोलली की तिच्याबरोबर तोही ओठ हलवत होता आणि कुंडलिक ते ओठ बघत होता.