दीडपट वेगाने ऐकलेला अल्बम

रॉक ऐकणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपात त्याला सगळे काटा म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्याची कुणाला गरजही नव्हती, कारण ग्रुपातल्या चार हजार माणसांना त्याच्याकडून एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे आकडा. नवा रॉक अल्बम आला की विचारायचं, "काट्यानं किती दिले?" आणि काटा द्यायचा तो आकडा साधासुधा नसे. सात नाही, साडेसात नाही, तर सात पॉइंट तीन. तो पॉइंट तीन आला कुठून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पोटासाठी तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यावरून हा प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी पॉलिशच्या चाकावर सगळं घासून चकचकीत करायचा. चाकाचा आवाज असा, की शेजारच्यानं बोंब मारली तरी कळू नये. म्हणून त्यानं बाहेरचा आवाज पार बंद करणारे महागडे हेडफोन घेतले आणि एकदा कानावर चढवले ते चढवलेच. कामावर हेडफोन, रस्त्यात हेडफोन, घरी पुढच्या खोलीतल्या खुर्चीत हेडफोन. आंघोळीपुरते उतरायचे, तेही नाइलाजानं.

ग्रुपाचं नाव होतं 'चौथी बाजू'. दोन तबकड्यांच्या जुन्या अल्बमला चार बाजू असतात आणि चौथीपर्यंत पोचायच्या आत लोक कंटाळतात. आपण मात्र ती ऐकणारे, असा त्या नावाचा दिमाख. प्रत्यक्षात पहिल्या बाजूचं पहिलं गाणं पुरतं ऐकणारेही तिथं बोटांवर मोजण्याइतकेच होते. बाकीचे आकडा बघून मत बनवायचे आणि एकदा मत बनलं की त्यासाठी डोकी फोडायला तयार. नाकानं कांदे सोलण्याची तर चढाओढच असे. एखादा गाजलेला बँड आवडतो असं सरळ कबूल करायचं नाही. "त्यांच्यात दम होता तो पहिला ड्रमर सोडून गेला तोवर," असं म्हणायचं. पहिला ड्रमर कोण होता ते मग शोधायचं.

काट्याला एवढं मात्र श्रेय द्यायला हवं, की अल्बम शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय तो आकडा देत नसे. पण आठवड्याला साठ-सत्तर नवे बँड आपापले अल्बम पाठवू लागले, तेव्हा बिचाऱ्याची तारांबळ उडाली. मग त्यानं तोड काढली. लांबलचक व्याख्यानं उरकायला लोक फोनवर वेग वाढवतात ना, तसा तो वाढवायचा. पहिल्यांदा सगळं दीडपट वेगानं ऐकून घ्यायचं, मग वेग पूर्ववत करून पुन्हा नीट ऐकायचं आणि मगच लिहायचं. पद्धत वाईट नव्हती. हात स्वच्छ असले की चालायची.

आता त्याच्या बायकोबद्दल. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर तक्रारी ऐकायची. दिवसाला दीडशे माणसं तिच्या कानात ओरडायची आणि ती प्रत्येकाला शेवटपर्यंत बोलू द्यायची. तीन वर्षांपूर्वी ती बास गिटार शिकली. मग रुग्णवाहिका चालवणारा एक ओळखीचा ड्रमवर आला, शाळेतले गणिताचे सर गिटारवर आले, तिची फिजिओथेरपिस्ट मैत्रीण गायला लागली आणि झाला की बँड! मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सराव चालायचा. कुठं? ह्याच्याच घरात, मागच्या खोलीत. हा पुढच्या खोलीत हेडफोन लावून बसलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मान डोलवायचा. कचेरीची काही बैठक असेल, असं त्यानं धरून टाकलं होतं. पायाखालची फरशी थरथरायची, तेव्हा म्हणायचा, "अगं, ते वॉशिंग मशीन फार हादरतं. मेकॅनिकला बोलाव एकदा." काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

तिनं लपवलं होतं असं समजू नका. तीनदा सांगितलं. बँड काढला तेव्हा सांगितलं, रेकॉर्डिंग झालं तेव्हा सांगितलं आणि अल्बम निघायच्या आठवड्यात तर समोर उभं राहून सांगितलं, "अहो, तुमच्या ग्रुपावर पाठवतेय. माझं नाव कुठं काढू नका. परक्याला मापता तसं मापा. सोडायचं की पुढं न्यायचं, ते मी तुमच्या आकड्यावर ठरवणार आहे. घरात एवढा जाणकार बसलाय, त्याला नाही विचारायचं तर कुणाला?" त्यानं तिन्ही वेळा मान हलवली. शेवटच्या वेळी "हं, हं, नक्की," असंही म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी! कानात तेव्हा कुणाचा तरी सतरा मिनिटांचा गिटारवादनाचा तुकडा चालू होता.

बँडचं नाव 'तक्रार क्रमांक', अल्बमचं नाव 'आपण रांगेत आहात'. तो ऐकायचा दिवस आला, तेव्हा काट्याच्या बाकावर बारा कवळ्या होत्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत प्लास्टरनं भरलेले. पहिलं ऐकणं उरकल्यावर त्यानं कोपरानं फोन दाबला आणि वेग पूर्ववत झाला असं समजून पुन्हा ऐकायला सुरुवात केली. वेग होता तिथंच होता.

मग त्यानं लिहिलं, आणि काय लिहिलं! 'ड्रमरच्या मागं कुत्रा लागलाय. गायिकेची शेवटची बस चुकणार आहे. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला तर काहीच घडत नाही, आणि तेही घाईघाईत. सत्तावीस मिनिटांत उरकलेला हा अल्बम ऐकून वाटतं, ह्यातल्या एकानंही आयुष्यात कधी कचेरीचं तोंड पाहिलेलं नसावं. तीन पॉइंट चार.'

झालं, सगळ्यांनी री ओढली. 'अगदी माझ्या मनातलं!' 'पहिल्या दहा सेकंदांत बंद केला.' 'ऐकला नाही, पण काटा म्हणतो तर तसंच असणार.' एकानं तर रॉकमधल्या घाईवर आठ परिच्छेदांचा निबंध पाडला आणि त्यात हा अल्बम ऱ्हासाचं टोक म्हणून दाखवला. त्याला सहाशे लाइक मिळाले.

त्या संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "वाचलं मी तुमचं."

दोन गाण्यांच्या मध्ये ते ऐकू आलं आणि काट्यानं चक्क एक कान मोकळा केला. लग्नाच्या बावीस वर्षांत तिनं त्याचं लिखाण वाचल्याचं पहिल्यांदाच कानावर येत होतं. "काय, कसं वाटलं?"

"परखड आहे. आडपडदा नाही ठेवलात." ती ताटाकडे बघत होती. "म्हणजे अगदीच टाकाऊ?"

"आता तूच सांग ना."

"मी काय सांगणार? मला बरं वाटलं होतं ते." तिनं विचारलं, "मग अशा माणसांनी काय करावं? सोडून द्यावं?"

काट्याला चेव आला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "सोडूनच द्यावं! जगावर उपकार होतील. वय झाल्यावर हौस सुचलेल्यांचा हा बाजार आहे सगळा."

"बरं," ती म्हणाली आणि उठून भांडी आवरायला लागली. तिचे डोळे भरून आले होते, पण राग नव्हता हो. परक्यासारखं मापा म्हणाली होती आणि नवऱ्यानं शब्द पाळला, असंच तिला वाटत होतं.

दोन दिवसांनी ग्रुपात कुणीतरी लिहिलं, 'अल्बम एक्केचाळीस मिनिटांचा आहे. तुम्ही सत्तावीस मिनिटं लिहिलीत. कसं काय?' काट्यानं फोन तपासला आणि तोंडचं पाणी पळालं. चार हजारांत एका माणसानं अल्बम खरोखर ऐकला होता आणि तोच नेमका नडला. आता कबूल करावं? नऊ वर्षांची पत धुळीला मिळाली असती. त्यानं ती ओळ पुसली, त्या माणसाला ग्रुपातून हाकललं आणि मनाची समजूत घातली, की हळू ऐकून फार तर अर्धा गुण वाढला असता.

शुक्रवारी दुपारी तो माणूस कामाच्या जागी येऊन उभा राहिला. अंगात रुग्णवाहिकेच्या चालकाचा गणवेश. काट्यानं चाक बंद करून हेडफोन उतरवले.

"दाजी, मला ग्रुपातून काढलंत, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण ताईंनी बँड सोडला. उद्या आमचा पहिला कार्यक्रम आहे. दुसऱ्याला शोधून घ्या म्हणाल्या. दाजींनी सांगितलं म्हणे, की सोडून द्यावं."

"कोण ताई?"

ड्रमर त्याच्याकडे बघतच राहिला. "अहो, तुमच्या घरी मंगळवार-शुक्रवार येतो ना मी! परवाच तुम्ही मला पाणी दिलंत. आमचा अल्बम आहे तो, दाजी. तुमच्या बायकोचा बँड."

काट्यानं हातातली कवळी बाकावर ठेवली. ते ताटाकडे बघणं, ते "बरं", सगळं एकदम अंगावर आलं. कसंबसं म्हणाला, "मी बोलतो तिच्याशी." ड्रमर गेल्यावर त्यानं दार लावलं, हात साबणानं स्वच्छ धुतले, वेग आपल्या डोळ्यांनी तपासला आणि अल्बम लावला. एक्केचाळीस मिनिटं. पुन्हा एक्केचाळीस मिनिटं. कुणाच्याही मागं कुत्रा लागलेला नव्हता. गाणी संथ होती, जड होती. तक्रार करून थकलेला माणूस फोन धरून बसतो, तशी ती गायिका गात होती. काट्याच्या डोळ्यांतून धार लागली. लाज वाटली, फार लाज वाटली. आपल्या बायकोचा आवाज असा आहे आणि आपल्याला पत्ता नाही!

तिच्याशी बोलायच्या आधी चूक जाहीर कबूल करायची असं ठरवून शनिवारी सकाळी त्यानं ग्रुपात सगळं खरं खरं लिहिलं. दीडपट वेग, प्लास्टरचे हात, हाकललेला माणूस, काही लपवलं नाही. बायकोचं नाव तेवढं काढलं नाही. नवा आकडा दिला, नऊ पॉइंट दोन. आता लोक जोड्यानं मारणार, असं धरून तो बसला. कसचं काय! तासाभरात लोकांनी अल्बम डोक्यावर घेतला. 'नऊ पॉइंट दोन! मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.' आठ परिच्छेदवाल्यानं बारा परिच्छेद लिहिले आणि त्यात हाच अल्बम संथपणाचं शिखर झाला. काही जणांनी दीडपट वेगाचीच बाजू घेतली आणि दुपारपर्यंत ग्रुपात दोन तट पडले. अल्बमची गाणी मात्र त्या दिवसभरात एकूण अकरा वेळा वाजली. त्यातही बहुतेक वेळा ती लावली होती ड्रमरच्या आईनं.

संध्याकाळी काटा घरी आला तेव्हा बायको खुर्चीत बसली होती. भिंतीला कव्हरातली बास टेकवलेली. तिच्या जागी वाजवणाऱ्यासाठी ड्रमर ती न्यायला येणार होता. काट्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि समोर बसून सगळं सांगितलं.

"तू तीनदा सांगितलंस. मी एकदाही ऐकलं नव्हतं."

तिनं टेबलावरच्या हेडफोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे सोडून द्यावं म्हणालात, ते..."

"कुणाबद्दल बोलतोय तेच मला माहीत नव्हतं गं!"

"कमाल आहे! चार दिवस अन्न गोड लागलं नाही मला."

"चुकलो. शंभरदा चुकलो. पण आता ऐकलं, नीट ऐकलं. दोनदा!" त्यानं खुर्ची पुढं ओढली. "अगं, काय आवाज आहे तुझा! तिसऱ्या गाण्यात शेवटी तू तो सूर धरतेस ना, तिथं मी अक्षरशः रडलो. बावीस वर्षांत घरात कधी गुणगुणली नाहीस, आणि पोटात हे एवढं..."

तिनं त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. सवयच होती तिला.

"गाते ती माझी मैत्रीण," मग ती म्हणाली. "गेल्या वर्षी तुमची पाठ धरली होती, तेव्हा तिनंच व्यायाम शिकवले. मी बास वाजवते."

काट्यानं भिंतीकडे पाहिलं.

"तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीचं दीड मिनिट फक्त मीच आहे. काहीच घडत नाही म्हणून लिहिलंत ना, ते."

त्याच्याजवळ काही आकडा नव्हता. ती उठली, बास खांद्याला लावली आणि जिन्यापाशी जाऊन ड्रमरला फोन केला. "नको येऊस न्यायला, मीच घेऊन येते. हो, मीच वाजवणार. छे रे, दाजी कसली समजूत घालताहेत! त्यांच्या मताचं ओझं होतं, ते उतरलं."

काटा धडपडत दारापर्यंत आला. "मी येऊ का?"

"या की," ती चपला घालत म्हणाली. "दार सगळ्यांना उघडं आहे. फक्त मागं उभे राहा. पुढं ऐकणारी माणसं असतात."