बॅगेतून आलेले झाड

मी एक जुना जुनिपर आहे, म्हणजे थंड प्रदेशातले सुरूसारखे एक झाड. मित्रांनो, माझी उंची तुमच्या दप्तराएवढी असली, तरी वयाने मी तुमच्या आजोबांहूनही मोठा आहे. मला पहिल्यापासून उथळ कुंडीत वाढवले, फांद्या छाटल्या, वळवल्या, म्हणून मी असा बुटका राहिलो. अशा झाडाला बोन्साय म्हणतात. मला पाहून लोक ‘किती गोड!’ म्हणतात. मी सांगणार आहे ती हकीकत मात्र गोड नाही. ती आठवली की आजही माझ्या शेंड्यापर्यंत काटा येतो.

माझा जन्म एका दूरच्या थंड देशात झाला. एका माळ्याच्या वडिलांनी मला कुंडीत लावले आणि त्यांच्या मागे त्या माळ्याने मला सांभाळले. तो माझ्या फांद्यांना तार गुंडाळी आणि ती सालीत रुतण्याआधी आठवणीने सोडवी. माझ्या खोडाची एक बाजू वाळून हाडासारखी पांढरी पडली आहे. ती तो दात घासायच्या ब्रशने हलकेच घासून काढी. त्या भागातल्या जुनिपरांना तांबेरा नावाचा रोग होई. माळी दरवर्षी औषध फवारून त्याला दाबून ठेवी, पण तो पुरता कधीच गेला नाही. माझ्या एका फांदीत, सालीच्या आत, तो दबा धरून बसलेला असे. मला त्याचा फारसा त्रास नव्हता, म्हणून मीही त्याला विसरून गेलो होतो.

पुढे माळ्याचे हात थरथरू लागले. कात्री भलत्याच जागी चालू लागली. आपल्या हातून झाडांचे वाटोळे होऊ नये, म्हणून त्याने एकेक झाड विकायला काढले. तेव्हा परदेशातून एक तरुण आला. त्याची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची मिळून एक रोपवाटिका होती. त्यांच्या एका श्रीमंत गिऱ्हाइकाला जुना जुनिपर हवा होता, दुसऱ्या कोणाकडे नसेल असा. या तरुणाला मी भाऊ म्हणेन आणि त्याच्या बहिणीला ताई.

मला पाहताच भाऊ जमिनीवर मांडी घालून बसला. त्याचे माझ्यावर खरेच मन जडले होते, हे मी खोटे सांगणार नाही.

माळ्याने विचारले, “तुमच्याकडे जुनिपर न्यायला परवानगी आहे ना? मी तर ऐकलं होतं, बंदी आहे.”

“होती, होती. आता सगळं सुरळीत आहे. तुम्ही निर्धास्त राहा,” भाऊ म्हणाला.

बंदी तशीच होती. काही परदेशी झाडांना त्याच्या देशात परवाना मिळे, पण त्यांच्या मुळांची माती धुवावी लागे आणि सरकारी काचघरात कित्येक महिने तपासणीत ठेवावे लागे. जुनिपरला तर दारच बंद होते. भाऊने दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा नकार आला होता.

हॉटेलच्या न्हाणीघरात त्याने मला कुंडीतून उपसले. शॉवरखाली माझी मुळे धुतली. ज्या मातीत मी इतकी वर्षे पाय रोवून होतो, ती डोळ्यांदेखत मोरीत वाहून गेली. मग त्याने मुळांना ओले शेवाळ बांधले, फांद्या दोऱ्याने आवळल्या, मला टॉवेलात गुंडाळले आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये झोपवले. चेन बंद झाली. मित्रांनो, झाडाला अंधाराची भीती वाटत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. ज्या अंधारात पहाट होणार की नाही हेच कळत नाही, तो अंधार फार वाईट असतो.

विमानाच्या पोटात इतकी थंडी होती की शेवाळ गोठले. एक फांदी कडकन मोडली. पुढे बॅगा सरकत्या पट्ट्यावर पडल्या आणि मला माणसांचे आवाज ऐकू आले. तपासणीचा एक कुत्रा जवळ येऊन हुंगू लागला. त्याचा श्वास मला कापडातून लागत होता. भाऊने बहुधा माझ्या भोवतीच्या कपड्यांवर भरपूर अत्तर ओतले होते. कुत्रा शिंकला आणि पुढे गेला.

“काय आहे यात?” कोणीतरी दरडावून विचारले.

“कपडे आहेत, साहेब. धुवायचेच आहेत सगळे,” भाऊ हसत म्हणाला.

बॅग उघडावी असे मला वाटत होते, कारण जीव गुदमरला होता. बॅग उघडू नये असेही वाटत होते, कारण पकडलेल्या झाडांना भट्टीत टाकतात, हे भाऊला फोनवर कोणाशी तरी बोलताना मी ऐकले होते. बॅग उघडली नाही.

भाऊने मला रोपवाटिकेच्या मागच्या कोठीत ठेवले. तिथे खतांची पोती, फुटक्या कुंड्या आणि एक झडपेची खिडकी होती. त्याने नवी कुंडी दिली, नवी माती दिली. आल्यागेल्याची चाहूल घेत तो हळूच आत येई, दाराला कडी लावी आणि माझ्यावर पाण्याचा फवारा मारी. “रुज रे राजा, रुज,” असे पुटपुटे. ऊन मिळावे म्हणून खिडकी उघडी ठेवी. खिडकीबाहेर कुंपण होते आणि कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंची नासपतीची बाग होती.

त्या रोजच्या ओलाव्याने माझ्या फांदीतला तांबेरा जागा झाला. औषध मारायला माळी नव्हता. आधी फांदी सुजली. मग साल फुटून तपकिरी टोके वर आली. आणि एका सकाळी, पाणी पडताच, ती टोके फुगून लुसलुशीत केशरी शिंगे झाली. माझ्याच अंगातून ती बाहेर आली होती आणि मला ती माझी वाटत नव्हती. खिडकीतून वारा आला तसा त्यांच्यावरून अगदी बारीक धूळ उठली आणि काकूंच्या बागेकडे गेली. मला खिडकी लावता येत नव्हती. ओरडता येत नव्हते. मित्रांनो, इतका मी बॅगेतही घाबरलो नव्हतो.

खत घ्यायला ताई कोठीत आली, ती दारातच थबकली. तिने मला पाहिले, मग ती शिंगे पाहिली. तिने पुढे होऊन आधी खिडकी लावली. फटीत पोते कोंबले. मग भाऊला हाक मारली.

“हे कधी आणलंस?”

“ताई, रागावू नकोस. मी सांगणारच होतो…”

“ते केशरी काय आहे, माहीत आहे तुला?”

“बुरशी असेल. पुसून टाकतो की.”

“तांबेरा आहे तो! जुनिपरवर वाढतो आणि नासपतीवर उतरतो. म्हणून तर बंदी आहे. आपला अर्ज काय त्यांनी गंमत म्हणून फेटाळला होता? ती खिडकी कुठे उघडते, बघ जरा.”

भाऊने बंद खिडकीकडे पाहिले.

“आजच जाळून टाकू,” तो घाईघाईने म्हणाला. “कोणाला कळणारही नाही.”

“आणि काकूंच्या पानांवर ठिपके उठले की? कशामुळे उठले ते त्यांना कोण सांगणार? तपासणी वेळेत झाली तर बाग वाचेल. गप्प बसलो तर त्यांची काय, आजूबाजूची एकही बाग उरायची नाही.”

“ताई, माझ्यावर खटला होईल. रोपवाटिकेचा परवाना जाईल. आपण दोघं रस्त्यावर येऊ.”

ताई खताच्या पोत्यावर बसली. ती म्हणाली, “मला ठाऊक आहे रे. पण त्या बाईने आपल्याला लहानपणी कडेवर खेळवलंय. सरकारी तपासणी खात्याला मी फोन करू की तू करतोस?”

भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला. नंबर लावताना त्याचा अंगठा दोनदा चुकला.

त्या खात्यातल्या तपासनीस बाई पांढरे अंगरखे घातलेली माणसे घेऊन आल्या. त्यांनी मला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बंद केले. काकूही आल्या होत्या. त्या भाऊला एक शब्दही बोलल्या नाहीत. नुसत्या आपल्या बागेकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, तर भाऊला बरे वाटले असते.

सरकारी इमारतीत भट्टीची धग मला पिशवीतूनही जाणवत होती. माझ्याआधी एक पाम गेला, मग एका टोपलीतली ऑर्किडे गेली. करवत आली तेव्हा मी सगळे संपले असे समजलो. पण तपासनीस बाईंनी फक्त रोगट फांदी आणि तिच्या आजूबाजूचा भाग कापला. माझा निम्मा आकार गेला. “हे झाड ठेवू,” त्या म्हणाल्या. “हा रोग पुस्तकात पाहून आमच्या नव्या लोकांना कळत नाही. बंद काचघरात राहू दे. बाहेर मात्र कधीच नाही.”

काकूंच्या बागेत कुंपणालगतच्या झाडांवर केशरी ठिपके निघालेच. ती सगळी ओळ तोडून जाळावी लागली. आतली बाग वाचली. भाऊला शिक्षा म्हणून दंड झाला, रोपवाटिका वर्षभर बंद राहिली आणि ताई दुसऱ्याच्या दुकानात फुले बांधायला जाऊ लागली. हे मला भाऊनेच सांगितले. परवानगी काढून तो एकदा मला पाहायला आला होता. अंगावर पांढरा अंगरखा, बुटांवर पिशव्या.

“हात लावू का?” त्याने विचारले.

“नको,” तपासनीस बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता.

त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. “काकूंकडे नवी रोपं लावतोय,” तो मला म्हणाला. “त्या अजून बोलत नाहीत. पण काल चहा पाठवला.” एवढे सांगून तो डोळे पुसत निघून गेला.

इथे वारा येत नाही. पाखरे येत नाहीत. रोज कोणीतरी भिंग घेऊन माझी साल तपासते, आणि त्या वेळी मी थिजून जातो. आत अजून काही उरले असेल का, हे मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, एखादे रोप, बी किंवा साधी मूठभर माती दूरच्या गावाहून आणावीशी वाटली, तर आधी विचारा. आवडले म्हणून खिशात घालू नका. आणि विचारायचे ते जाणत्या माणसांना विचारा, आम्हाला नाही. आम्हाला कळत असते, पण सांगता येत नाही.