चाकांवरची खोली

अण्णांचे पाय गेले, आणि मुलाचं घर नेमकं जिना चढून वर. घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथे मुलानं त्यांच्यासाठी खोली केली, तीही चाकांवर. पक्क्या खोलीला परवानगी लागते, आणि ती हातात पडेपर्यंत अण्णा असते की नाही, कोण जाणे. हलणाऱ्या खोलीला परवानगी नको. ती हलते, एवढं तपासणीच्या साहेबांना दाखवलं की झालं.

अडचण एकच. बापलेक दोघंही सुतार. अण्णांनी जन्मभर लोकांच्या डुगडुगणाऱ्या टेबलांखाली न विचारता पाचरी मारलेल्या. आता ते नुसते खोकले तरी अख्खी खोली डुलायची.

"झोपायला जागा दिलीयस, की बोटीत बसवलंयस मला?"

मुलगा कामावर गेला, की अण्णा बसल्या बसल्या सरकत बाहेर यायचे. आठवडाभरात त्यांनी खोलीच्या चारही कोपऱ्यांखाली लाकडी पाय ठोकून बसवले. खिळा एक नाही, आणि सांध्यात नखसुद्धा शिरणार नाही. चाकं अधांतरी. मुलानं ते बघितलं. आता खोली तसूभरही हलणार नव्हती. पण आई गेल्यापासून अण्णा पहिल्यांदाच हसत होते. खाली वाकून कोण बघतंय, म्हणत त्यानं ते पाय तसेच राहू दिले.

साहेब वाकले. वाकले कसले, पांढऱ्या शर्टानिशी सरपटत खोलीखाली शिरले.

"काम सुंदर आहे हो," खालून आवाज आला. "कुणाचं?"

"माझं," खुर्चीतून अण्णा ऐटीत म्हणाले.

साहेब कोपरं झटकत बाहेर आले. "मग हे पक्कं बांधकाम झालं, आजोबा. पाय कापा, नाहीतर खोली पाडावी लागेल. मी थांबतो."

मुलानं करवत घेतली आणि पहिल्या पायावर हलकेच फिरवली.

"गोंजारतोयस काय त्याला? जोर लाव," अण्णा म्हणाले. पुढच्या पायाला म्हणाले, "सरळ धर." तिसऱ्याच्या वेळी नुसतं खाकरले. चौथ्याला तोंड फिरवून बसले.

खोली धाडकन चाकांवर बसली. साहेबांनी स्वतः खांदा लावला, तशी ती जी सुटली ती थेट कुंपणात जाऊन घुसली. साहेब भलतेच खूश झाले. सही करून गेले.

संध्याकाळी मुलानं अण्णांना उचलून आत निजवलं. खोली डुलली. तो बाहेर येऊन चाकाखाली वीट सारायला वाकला.

"नको," अण्णा आतून म्हणाले. "परत आले म्हणजे?"

"विटेनं काय होतंय, अण्णा?"

"राहू दे रे. मी कूस बदलत नाही."