शेजारची फ्रेम
वहिनींनी पाकिटातून फिल्मचा दोन फ्रेमचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि फोटोग्राफरने तो उचलून दिव्यासमोर धरला. निगेटिव्ह इतकी पातळ, की दादाचा चेहरा म्हणजे काचेवर धरलेली वाफ.

"यांचा एकट्याचा दुसरा फोटो नाही हो घरात, भावोजी. चेहरा तेवढा दिसला तरी पुरे."

दोघा भावांनी मिळून पंचवीस वर्षं स्टुडिओ चालवला, जगाची लग्नं टिपली आणि स्वतःचे फोटो काढायचे राहून गेले. दादाला जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून धाकट्याला खुर्चीतून उठायचाही कंटाळा यायचा.

उपाय होता. सेलेनियमच्या टोनरमध्ये, त्या उग्र रसायनात, बुडवली की निगेटिव्हमधली चांदी जरा गडद होते. पण आहे तेवढीच. मुळात नसलेलं काही येत नाही. आणि बिघडलं की बिघडलंच.

म्हणून त्याने खिडकी उघडली, नाकाला रुमाल बांधला, तुकडा मधोमध कापला आणि आधी शेजारची फ्रेम बुडवून पाहिली. पाच मिनिटांत तिच्यावर पिवळे डाग उमटले. त्याने कपाळावर हात मारला: आधीची रसायनं फिल्ममधून नीट निघालीच नव्हती. ही फिल्म फिक्स करून धुतली होती दादाने, आणि दादाचं काम म्हणजे नुसतं उरकून टाकणं. "झालं की रे, किती घोळत बसतोस?" हे ठरलेलं.

"गेल्यावरसुद्धा तुझं मीच निस्तरायचं का?" तो रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला. रागही आला आणि रडूही. मग दादाची फ्रेम त्याने ताज्या फिक्सरमध्ये घातली आणि गुडघे ठणकत असताना तासभर नळाखाली धरली. मधे एकदाही बसला नाही. मगच टोनर.

संध्याकाळी प्रिंट वहिनींच्या हातात होती. फार काही आलं नव्हतं: कपाळ, नाक, ओठांच्या कोपऱ्यातलं ते चिडवणारं हसू. पण दादाच होता. वहिनी कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"आणि दुसऱ्या फ्रेममध्ये कोण होतं?"

"मी."

"अगं बाई! तुमचा फोटो गेला की मग!"

"जाऊ द्या. मी आहे की अजून," तो म्हणाला आणि एकदाचा खाली बसला. दादाने त्याचा काढलेला तेवढा एकच फोटो होता, हे मात्र त्याने वहिनींना सांगितलं नाही.